सुई बरोबर जागी बसेपर्यंत

प्रोस्टेट हा शब्द चारचौघांत उच्चारला की पुरुष माणसं स्वतःच्या चपलांकडे बघायला लागतात. नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या बागेत रोज सकाळी फिरणारे आम्ही आठ-दहा जण आहोत. कुणाच्या गुडघ्याची वाटी बदलली, कुणाच्या हृदयात स्प्रिंग बसवली, सगळ्यांचं सगळ्यांना पाठ. माझं ऑपरेशन झाल्यावर एकाने मोठ्याने विचारलं, "काय झालं होतं?" मी म्हणालो, "प्रोस्टेटचा कॅन्सर." त्याने लगेच वर बघून आज ऊन तापेल का याची चौकशी सुरू केली. दोन दिवसांनी तोच गृहस्थ मला एकट्याला गाठून कुजबुजत होता, "तुम्हाला आधी काय काय होत होतं हो?"

कानात विचारणारे असे बरेच निघाले. प्रत्येकाच्या कानात परत तेच सांगायचा मला कंटाळा आला, म्हणून लिहून टाकतोय. वैतागून लिहितोय, कारण तपासण्या चालल्या त्या दोन वर्षांत मी मुख्यतः वैतागलेलाच होतो. भीती वाटायची, पण ती वैतागाच्या मागे लपून बसायची.

मी अंबडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि हत्यारं घडवायच्या विभागात, नोकरी केली. निवृत्त झाल्यावर पुण्याला असलेल्या आमच्या मुलीने, पल्लवीने, हट्टाने सगळ्या रक्ततपासण्या करायला लावल्या. साखर ठीक, थायरॉइड ठीक आणि पीएसए नावाचा एक आकडा जास्त. तो आकडा प्रोस्टेटचा. मूत्राशयाच्या खाली अक्रोडाएवढी एक ग्रंथी असते, फक्त पुरुषांना. मला कसलाही त्रास नव्हता. रात्री एकदा उठायचो, पण माझ्या वयाचे सगळेच उठतात.

लघवीचे डॉक्टर शांत माणूस. म्हणाले, "तुकडा काढून तपासू."

तुकडा म्हणजे बायोप्सी. सोनोग्राफीची कांडी मागच्या बाजूने आत घालतात आणि तिच्या आधाराने सुई मारून ग्रंथीतल्या ठरलेल्या जागांचे बारीक बारीक तुकडे घेतात. सोनोग्राफीत ग्रंथी दिसते, पण तिच्यातला रोग दिसेलच असं नाही. म्हणून सगळीकडून थोडं थोडं घ्यायचं, रोग असला तर कुठल्या तरी तुकड्यात सापडेल या हिशोबाने. हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो आणि प्रत्येक 'टक्' आवाजाला दचकत होतो.

रिपोर्ट स्वच्छ आला. माझी बायको मंदा हिने शिरा केला. देवळ्याहून थोरल्या भावाचा फोन आला. आम्ही त्याला दादा म्हणतो. तो कांदा करतो आणि डॉक्टर लोकांवर त्याचा काडीचा विश्वास नाही. तो म्हणाला, "मी म्हणलो होतो ना, काय नही शे."

काही महिन्यांनी आकडा आणखी वाढला. पुन्हा बायोप्सी. या वेळी घरी आल्यावर हुडहुडी भरून असा ताप चढला की दवाखान्यात भरती व्हावं लागलं. हाताला सलाईन, पोटात मळमळ आणि उशाशी पुन्हा तोच निरोप. रिपोर्ट स्वच्छ.

आणि आकडा पुन्हा वर.

आता मला सांगा, ज्याला काहीच झालेलं नाही त्याचा आकडा वाढतो कशाला? हे मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "तोच प्रश्न मलाही पडलाय." डॉक्टरांनी स्वतःला पडलेले प्रश्न पेशंटला ऐकवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

"आपण एमआरआय करू," ते म्हणाले. "त्यात काही दिसलं तर त्या जागेची बायोप्सी."

"म्हणजे तिसऱ्यांदा?"

"हो."

"नाही," मी म्हणालो आणि उठलो.

*

नातेवाइकांना सुगावा लागला की आजार त्यांचा होतो. एकीने लाल भोपळ्याच्या बिया पाठवल्या. एकाने गोखरूचा काढा सांगितला, दुसऱ्याने तो काढा अजिबात घेऊ नका म्हणून सांगितलं. मावसभावाने फोनवर अर्धा तास एका माणसाची गोष्ट ऐकवली. तो माणूस शेवटी वारला होता, हे त्याने शेवटी सांगितलं.

दादा म्हणाला, "तुले काय शे रे? धडधाकट तर शे तू. दोनदा टोचून पायलं ना त्यानी? आते बस कर."

मला दादाचं पटलं. उभ्या आयुष्यात त्याचं मला पहिल्यांदाच काही पटलं आणि नेमकं तेच चुकीचं होतं.

मंदा वाद घालत नाही. ती गप्प राहते, आणि ते जास्त त्रासदायक असतं. दोनेक महिने ती गप्प होती. मग एका सकाळी चहाचा कप ठेवत म्हणाली, "साडेदहाची वेळ घेतलीय. दाढी करून घ्या."

"कसली वेळ?"

"एमआरआयची."

"मी येणार नाही."

"बरं. मग मी एकटीच जाते. सांगते त्यांना, माणूस घाबरतो म्हणून."

मी दाढी केली.

*

एमआरआयच्या खोलीत जाण्याआधी अंगावरचं सगळं धातूचं काढायला लावतात. मशीन म्हणजे एक प्रचंड लोहचुंबक. घड्याळ, अंगठी, पट्टा, सगळं काढलं. कमरेचा चांदीचे मणी ओवलेला करदोटा काढताना तर मी पार घामेघूम झालो, कारण त्याची गाठ माझ्या आईने मारलेली होती आणि ती सुटेना. शेवटी कापला. तंत्रज्ञ एकेक प्रश्न विचारत होता. पेसमेकर? नाही. शरीरात सळई, स्क्रू? नाही. डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का?

"नाही," मी म्हणालो.

"नाही कसं?" मंदा मागून म्हणाली. "ग्राइंडिंग करताना गेला नव्हता? पट्टी बांधून घरी आला होतात. पल्लवी तेव्हा पोटात होती माझ्या."

"तो काढला होता."

"सगळा निघाला होता का?" तंत्रज्ञाने विचारलं.

मला काय माहीत? तीस-बत्तीस वर्षांपूर्वीचा कण. पण एवढासाही राहिला असेल तर चुंबकाने तो डोळ्यातल्या डोळ्यात हलू शकतो, असं त्याने समजावलं. आधी डोळ्यांचा एक्स-रे, मगच एमआरआय. म्हणजे आजची वेळ गेली.

ज्या तपासणीला मी जाणारच नव्हतो ती हुकली म्हणून मी त्या माणसावर ओरडलो. तो बिचारा "काका, तुमच्याच डोळ्यासाठी" म्हणत राहिला. मंदा पर्स मांडीवर घेऊन समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होती. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "बरं झालं मी आले."

एक्स-रे स्वच्छ निघाला. पुढच्या आठवड्यात एमआरआय झाला.

डॉक्टरांनी संगणकाचा पडदा आमच्याकडे फिरवला. "हा बघा." ग्रंथीच्या पुढच्या भागात एक काळपट डाग होता, मसुराच्या डाळीहून मोठा. "आपल्या सुया मागून जातात आणि बहुतेक मागच्या भागातूनच तुकडे घेतात, कारण रोग जास्त करून तिथेच असतो. हा पुढे आहे. सुया त्याच्या अलीकडेच थांबल्या."

"म्हणजे दोन्ही वेळा चुकीच्या जागी टोचलं?"

ते म्हणाले, "जागा चुकीच्या नव्हत्या. पुरेशा नव्हत्या."

मला टेबल उलटं करावंसं वाटलं. तो ताप, ती सलाईन, तो शिरा! मंदाने माझ्या मनगटावर हात ठेवला. प्रेमाने नव्हे, धरून ठेवायला.

डॉक्टर म्हणाले, "या वेळी अंदाज नको. एमआरआयच्या मशीनमध्येच बायोप्सी करू. सुई आत असतानाच चित्रं येत राहतात. सुई डागात पोचली हे बघूनच तुकडा घेतात."

"हे आधी का नाही केलं?"

"ही सोय आपल्या नाशकात आत्ता आली, काका."



*

ज्यांना हे करून घ्यायचं आहे त्यांच्यासाठी सांगतो. सकाळी पोट साफ करायचा एनिमा देतात. त्याचं वर्णन करत नाही. मागच्या वेळच्या तापामुळे मला या वेळी कुठलं प्रतिजैविक लागू पडेल ते आधी तपासून मगच दिलं. तो ताप पुन्हा आला नाही. मागे उघडा असलेला गाऊन घालायचा. मशीनच्या फळीवर पालथं झोपायचं. गुंगीचं थोडं औषध, जागा बधिर करायचं जेल आणि मग मागच्या बाजूने सुईला वाट दाखवणारी एक नळी आत बसवतात. दुखण्यापेक्षा लाज जास्त वाटते. ती लाज पाच मिनिटांत संपते, कारण खोलीत कुणालाच तिच्यात रस नसतो.

तिथल्या रेडिओलॉजिस्ट डॉक्टरीणबाई पल्लवीपेक्षा थोड्याच मोठ्या असतील. म्हणाल्या, "काका, हेडफोनवर कोणती गाणी लावू?"

"काही नको."

कानात भजनं सुरू झाली.

फळी बोगद्यात गेली आणि कुणीतरी पत्र्याच्या शेडवर हातोडे मारावेत तसा आवाज सुरू झाला. कारखान्यात आयुष्य गेलेल्या माणसाला आवाजाचं काय, असं मला वाटलं होतं. पण कारखान्यातला आवाज मी स्वतः करायचो. इथे मी पालथा पडलो होतो, थंडी वाजत होती आणि हलायचं नव्हतं. हातात एक रबरी फुगा दिला होता, त्रास झाला तर दाबायला. फोटो काढायचे, फळी बाहेर आणायची, नळीची दिशा अंगुळभर सरकवायची, परत आत, परत फोटो. असं चार-पाचदा झालं. माझ्या कामावर मी मापं घेताना असाच छळ करायचो, पण लोखंडाचा.

मग नाक खाजायला लागलं.

हसू नका. मला वाटलं सहन होईल. नाही झालं. डोळ्यात पाणी आलं. बोगदा अंगावर येतोय असं वाटलं. मी फुगा दाबला.

आवाज थांबला. फळी बाहेर आली. डॉक्टरीणबाई धावत आल्या. "काय होतंय काका? श्वास घेता येतोय ना?"

"नाक," मी म्हणालो.

"काय?"

"नाक खाजतंय."

एवढ्या शिकलेल्या बाई. त्यांना रागवायचा पूर्ण अधिकार होता. त्या खाली वाकल्या, कापसाने माझं नाक पुसलं, नीट खाजवलं, मग डोळेही पुसले. म्हणाल्या, "झालं? आणखी कुठे? आत्ताच सांगा, कारण आता मी बरोबर जागेवर आहे आणि मला तुम्ही दगडासारखे हवे आहात."

"मान," मी म्हणालो. त्यांनी मानही खाजवली.

त्यानंतर मला भीती वाटली नाही, असं म्हणणं खोटं होईल. पण हातपाय शांत झाले. फळी आत गेली, बाहेर आली. आत खोल कुठेतरी दाब जाणवला. पुन्हा आत, पुन्हा हातोडे. मग हेडफोनमधलं भजन मध्येच बंद झालं आणि त्यांचा आवाज आला, "काका, सुई डागात बसलीय. मला दिसतेय."

'टक्' आवाज आला. मी दचकलो नाही.

मोजके तीन-चार तुकडे घेतले. मी कपडे घालून बसल्यावर त्यांनी मला पडद्यावर दाखवलं. काळपट डाग आणि त्याच्या आरपार एक सरळ, काळीकुट्ट रेघ. ती सुई. दोन वर्षांत पहिल्यांदा मला कुणी दाखवलं होतं की सुई कुठे गेली. मी कितीतरी वेळ बघत बसलो. डॉक्टरीणबाई घाईत होत्या, तरी त्यांनी मला उठवलं नाही.

नंतर काही दिवस लघवीतून रक्त जातं. सांगितलेलं असतं, तरी पहिल्यांदा बघून मी मंदाला हाक मारली.

*

रिपोर्ट यायला आठवडा लागला. त्या आठवड्यात आमच्या घरात जेवढी भांडणं झाली तेवढी लग्नाच्या इतक्या वर्षांत झाली नसतील. टीव्हीचा आवाज मोठा, भाजीत मीठ जास्त, गच्चीचं दार कुणी उघडं टाकलं. पल्लवी रोज व्हिडिओ कॉल करायची आणि आम्ही दोघं शेजारी बसून दात दाखवायचो.

एका दुपारी मी मंदाला म्हणालो, "तुला काय, तू निवांत कोथिंबीर निवडतेस. टांगती तलवार माझ्या डोक्यावर आहे."

तिने कोथिंबिरीची जुडी ताटात आपटली. "माझ्या डोक्यावर नाही? तुम्हाला काही झालं तर तुम्ही सुटाल. मी कुठे जाऊ? दोन वर्षं बघतेय, घाबरायचं तेही तुम्हीच, चिडायचं तेही तुम्हीच. मला काही शिल्लक ठेवलंत का?"

मी बसून उरलेली कोथिंबीर निवडली. वाईट निवडली. तिने नंतर सगळी पुन्हा निवडली, पण माझ्यासमोर नाही.

कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, मधल्या प्रतीचा आहे, ग्रंथीच्या आतच आहे, बाहेर गेलेला दिसत नाही. ते पुढे बरंच बोलले. माझ्या कानात फक्त घूं घूं होत होतं. मंदाने विचारलं, "आता काय करायचं तेवढं सांगा." त्यांनी सांगितलं, तिने ऐकून घेतलं.

खाली कँटीनमध्ये तिने दोन चहा आणि एक प्लेट भजी मागवली. मी म्हणालो, "तुला भूक लागलीय?"

"नाही. पण हातात काहीतरी धरायला हवं."

आम्ही दोघांनी एकेक भजं हातात धरलं. मी म्हणालो, "सापडला एकदाचा." आणि मला हसू आलं. कॅन्सर झालाय हे कळल्यावर हसणारा माणूस बघून पलीकडच्या टेबलावरच्या बाईंनी खुर्ची सरकवून घेतली. पण खरं सांगतो, जो दिसत नव्हता त्याची भीती मोठी होती. आता त्याला जागा होती, आकार होता, त्याचं काहीतरी करता येणार होतं.

ऑपरेशन झालं. ग्रंथी काढली. लघवीची नळी आणि पिशवी घेऊन घरात फिरणं, नळी काढल्यावर खोकला आला तरी कपडे ओले होणं, मोठ्या माणसांचे लंगोट घालून नाशिक रोडला भाचीच्या लग्नाला जाणं आणि तिथे फोटोसाठी तीनदा "काका, जरा वाकून बसा" ऐकणं, सगळं झालं. व्यायामाने हळूहळू आवरलं. आता फक्त जोरात शिंकलो तर.

दुसऱ्या गोष्टीबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून लिहितो. नवराबायकोतलं ते पूर्वीसारखं राहिलं नाही. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, औषधंही दिली. थोडं परत आलं, बरंच नाही आलं. हे मंदाशी बोलायला मला कितीतरी महिने लागले. ती म्हणाली, "मला वाटत होतं तुम्ही माझ्यावर रागावलाय." केवढा मूर्खपणा दोघांचाही! बोलून टाका. पीएसए आता जवळजवळ शून्य आहे, दर काही महिन्यांनी तपासतो.

*

डॉक्टरांनी एक गोष्ट आणखी सांगितली. सख्ख्या भावाला झाला असेल तर दुसऱ्या भावाने तपासून घ्यायला हवं.

मी देवळ्याला गेलो. दादा कांदा साठवायच्या चाळीत होता. मी सगळं समजावलं. तो ऐकत होता आणि सडका कांदा वेचून बाहेर फेकत होता.

"रात्री किती वेळा उठतोस?" मी विचारलं.

"उठतो. म्हातारा शे मी."

"रक्त तपासून घे."

"तुले कॅन्सर व्हयना म्हणून मले पण व्हवाले पायजे का?"

मी ओरडलो. तोही ओरडला. वहिनी चहा घेऊन आल्या आणि चहा ठेवून परत गेल्या. शेवटी मी म्हणालो, "ठीक आहे दादा. मर." आणि एसटीने नाशिकला परत आलो.

चौथ्या दिवशी वहिनींचा फोन. दादाने कुणाला न सांगता देवळ्यातच तपासायला रक्त दिलं होतं. आकडा जास्त होता.

मग सगळं पुन्हा, या वेळी मी त्याच्यासोबत. एमआरआयमध्ये एक संशयाची जागा दिसली. तीच फळी, तोच बोगदा, त्याच डॉक्टरीणबाई. दादा बाहेर आला तो चिडूनच. "दोन तास पालथा पाडेल व्हता मले," एवढंच बोलला आणि गाडीत जाऊन बसला.

रिपोर्ट आला त्या दिवशी त्याने मला फोन केला. काही निघालं नाही. नुसती सूज होती. या वेळी सुई डागातच गेली होती, हे मी चित्रात बघितलेलं होतं, म्हणून मी खुर्चीवर बसलो आणि पाठ टेकली.

दादा मात्र सुटला होता. "तुन्यामुळे माझा कांदा बाजारात जायचा राहिला. भाव पडला. गावात समद्यांना कळलं मी कुठे गेलो व्हतो. काय निघालं? काय नही! मी पहिलेच म्हणलो व्हतो." मी फोन कानापासून लांब धरला. मंदा स्वयंपाकघरातून ऐकत होती.

मग त्याने आवाज खाली आणला.

"सुधाकर," तो म्हणाला, "डॉक्टर म्हणतो, पुढल्या साली आणखी एकदा पाहणं पडी."

"मग?"

"मग काय. तू येशील ना संगे?"

"नाही," मी म्हणालो, आणि त्याला तारीख विचारली.